हवेतून नऊ तास

तीर्थपुरीत मी पाऊल ठेवलं त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते रंगनाथआबा, आणि त्यांचं ते पहिलं बोलणं ऐकून मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं होतं.

मी अंबडहून बैलगाडीने निघालो होतो. श्रावणाचे दिवस, वाट सगळी काळ्या रानातली. चाकाला घमेलंभर चिखल चिकटायचा, तो काढावा तोवर दुसरं चाक भरायचं. ओढ्यात गाडी रुतली, एका बैलाने तिथंच बसकण मारली, माझी ट्रंक पाण्यात पडली आणि एक वहाण वाहून गेली. सकाळी निघालेला मी दिवस कलल्यावर गावाच्या वेशीत पोचलो, तो गुडघ्यापर्यंत चिखलात आणि एका पायाने अनवाणी. पारावर एक उंच, काटक शेतकरी बसले होते. त्यांनी विचारलं, नवे मास्तर का? मी म्हटलं, हो. कुठून आलात? अंबडहून. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, ओठातल्या ओठात काही पुटपुटले आणि म्हणाले,

"आठ मिन्टं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, काय आठ मिनिटं?

"अंबड ते तीर्थपुरी. हवेतून." आणि माझ्या पायांकडे बघून दिलासा दिल्यासारखे पुढे म्हणाले, "जमिनीचं सोडा, मास्तर."

हे रंगनाथआबा. पुढची दहा-अकरा वर्षं ते माझे शेजारी होते आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांनी जमिनीचं कधीच धरलं नाही.

वय पन्नाशीच्या आसपास. गोदावरीच्या अंगाला चांगली काळी जमीन, जोंधळा आणि कापूस, दोन कर्ते मुलगे, काशीकाकूंसारखी सोशिक बायको. एक लेक, भागीरथी, तिला कराचीला दिलेली. जावई तिथं गोदीत कारकून. हे सगळं मला पहिल्या आठवड्यातच कळलं. कुणाची लेक कुठं दिली हे गावात सगळ्यांनाच ठाऊक असतं आणि त्यावर कुणी वेगळा विचार करत नाही. मीही केला नाही.

टपालाचं विमान तासाला शंभर मैल जातं, असं त्यांना कुणीतरी जालन्याच्या बाजारात सांगितलं होतं. तेवढ्या भांडवलावर या माणसाने सबंध हिंदुस्थान मोजून काढला. तासाला शंभर मैल, म्हणजे मैलाला छत्तीस सेकंद. घरात घड्याळ नव्हतं, वेळ सूर्यावर चालायची, पण आबा मिनिटांखेरीज बोलत नसत. हसनाबाद सत्तावीस मिनिटं. पैठण बावीस. कुणी बाजाराला निघालं की ते पारावरून त्याला त्याची मिनिटं सांगत आणि तो बिचारा मान हलवून पायी चालू लागे.

पुतण्याच्या सोयरिकीला हसनाबादची मंडळी आली होती. मुलीची आई दाराआड उभी राहून म्हणाली की स्थळ चांगलं आहे, पण पोरीला सणावारी यायला लई लांब पडंल. आबा लगेच पुढे सरसावले आणि सत्तावीस मिनिटांचा हिशेब समजावू लागले. त्या बाईला वाटलं आपली थट्टा चालली आहे. ती डोळ्याला पदर लावून आत गेली. मुलीचा बाप ताटावरून उठायच्या बेतात आला. मी आणि काशीकाकूंनी मिळून कसंबसं सावरलं. आबा मात्र मला बाजूला घेऊन विचारत होते, "मी काय वंगाळ बोललो? जवळच हाय असं सांगून राह्यलो तिला. धीर येतो माणसाला."

पण माझं खरं दुखणं होतं शाळेचा नकाशा.

शाळेत हिंदुस्थानचा एकच नकाशा होता, कापडावर चिकटवलेला. माझ्या आधीच्या मास्तरांच्या काळापासून आबा तो बघायला येत. येताना सुताचा दोरा आणत. दोऱ्याला शंभर शंभर मैलांवर गाठी मारलेल्या. बाभळीचा एक काटा हैदराबादवर टोचायचा, दुसरा कराचीवर, मध्ये दोरा ताणायचा आणि गाठी मोजायच्या. नऊ. दर वेळी नऊच. मी एकदा चिडून म्हणालो की आबा, कराची काही हलत नाही, कालही नऊशे मैल होती, आजही नऊशेच असणार. त्यावर ते म्हणाले, "बराबर. पण पाह्यलेलं बरं."

पुन्हा पुन्हा काटा टोचून हैदराबादला भोक पडलं. आधी ते जोंधळ्याएवढं होतं, मग चिंचोक्याएवढं झालं. दोरा ताणला की तो आपल्या गोदावरीवरून जातो, तीर्थपुरी अगदी बोटभर बाजूला राहते, हे दाखवताना त्यांचा अंगठा नेमका त्या भोकावर दाबलेला असे. विमान एक ना एक दिवस आपल्या डोक्यावरून जाणार, याची त्यांना खात्री होती.

आणि मग शाळा तपासायला मोहतमीम साहेब आले. काळी शेरवानी, हातात छडी, बोलणं थोडं आणि सगळं उर्दूत. मुलांच्या कविता झाल्या, पाढे झाले. साहेब नकाशाकडे वळले. पायतख्त कुठं आहे ते मीच दाखवतो, असं म्हणून त्यांनी छडीचं टोक हैदराबादवर ठेवलं आणि ती छडी आमच्या सरकारच्या राजधानीतून आरपार जाऊन मागच्या भिंतीच्या पोपड्यात दोन बोटं घुसली.

माझ्या डोळ्यांसमोर बदली, बडतर्फी, काय काय येऊन गेलं. इतक्यात ओसरीवर बसलेले आबा आत आले. त्यांनी हात जोडले आणि सांगून टाकलं, की साहेब, ते मी पाडलं. मास्तरांचा दोष न्हाई. इथवर सगळं ठीक होतं. तिथंच थांबले असते तर मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. पण साहेबांनी कसं पाडलं म्हणून विचारलं आणि आबांनी कनवटीचा दोरा काढला. हैदराबाद ते कराची, नऊ तास, हवेतून.

साहेबांनी वाकून त्या दोऱ्याच्या गाठी पाहिल्या. मग हळूच म्हणाले, "और दिल्ली?"

आबांनी दोरा वळवला, गाठी मोजल्या. "पावणेआठ."

"पावणेआठ," साहेब म्हणाले आणि खुर्चीवर बसले. त्यांचा मुलगा दिल्लीला शिकायला होता, हे मला नंतर त्यांच्या शिपायाकडून कळलं. त्यांनी आबांना आपल्यासमोर बसवून घेतलं, आपल्याबरोबर चहा पाजला, आणि जाताना मला पायतख्ताच्या दुर्दशेबद्दल लेखी जबाब द्यायला सांगितलं. तो जबाब उर्दूत लिहिता लिहिता माझे दोन महिने गेले. आबा शेजारी बसून विचारत, "साहेब पुन्यांदा कव्हा येतेत?"

पुढे मला परीक्षेसाठी हैदराबादला जायची पाळी आली. हे मी त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. तरी निघायच्या दिवशी सकाळी ते दारात हजर. बेगमपेठच्या विमानतळावर जाऊन तीन गोष्टी विचारून यायच्या होत्या. कराचीला खरोखर किती वेळ लागतो? सकाळी बसलेलं माणूस दिवस बुडायच्या आत पोचतं काय? आणि कडेवर लेकरू असलं तर एकट्या बाईमाणसाला बसू देतात काय? तिसरा प्रश्न त्यांनी दोनदा सांगितला आणि माझ्याकडून म्हणवून घेतला.

परीक्षा सोडून मी ते काम करीन असं मला वाटलं नव्हतं, पण परतल्यावर या माणसाला तोंड द्यायचं होतं. उन्हातून बेगमपेठेला गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा एका कारकुनाला दया आली. त्याने सांगितलं की इथून कराचीला सरळ विमान जातच नाही. आधी मुंबई, मग अहमदाबाद, मग कराची. कधी वाटेत मुक्कामही पडतो. बाईमाणसाचा प्रश्न विचारल्यावर त्याने चष्मा वर केला. "जाना किसकू है?" मी म्हणालो, कुणालाच नाही. त्यानंतर त्याने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी आजही विसरलेलो नाही.

हे सगळं मी आबांना सांगितलं तेव्हा ते माझ्यावरच रागावले. जणू ते विमान मीच मुंबईला वळवलं होतं. "सरळ रस्ता सोडून मुंबईला कामून उतरायचं? आपल्या डोक्यावरून गेलं तर काय बिघडतं त्यांचं?" आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढा आठवडा मला बरा गेला.

राग निघाला तो हनुमान जयंतीला. पहाटेचं कीर्तन चाललं होतं. बाहेरगावचे बुवा रंगात आले होते. मारुतीराय द्रोणागिरी आणायला उडाले होते. आबा मधेच उभे राहिले आणि बुवांना म्हणाले की लंका ते हिमालय हवेतून सतरा तास, एवढी तर नुसती जायची वाट झाली. बुवांनी टाळ थांबवले. लोक आबांना खाली ओढू लागले. पण आबांना शंका नव्हती, त्यांना खुलासा करायचा होता. "मारुतीरायाला मधी मुंबईला उतरावं लागलं न्हाई," ते माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "म्हणून साधलं." बुवांनी पुढच्या वर्षी आमच्या गावचं आमंत्रण घेतलं नाही.

मग लढाई आली. नवी विमानं तासाला दीडशे मैल जातात अशी बातमी कुठून तरी त्यांच्या कानावर आली आणि एके दिवशी भर वर्गात येऊन त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, अंबड जवळ आलं. पाच मिन्टं." पुढचा महिनाभर प्रत्येक गाव असं जवळ येत होतं. कराची सहा तासांवर आली त्या दिवशी त्यांनी काशीकाकूंना शिरा करायला लावला आणि मला वाटी भरून पाठवली. मी तो रागारागाने खाल्ला. शिरा चांगला होता.

फाळणी झाली त्या साली आबा शाळेत यायचे थांबले.

आधी मला हायसंच वाटलं. भोक पडलेल्याच्या जागी आलेला नवा नकाशा भिंतीवर धड राहिला, माझे धडे वेळेवर पुरे होऊ लागले. मग लक्षात आलं की ते पारावरही कुणाला मिनिटं सांगत नाहीत. बाजाराला जाणारे लोक सवयीने त्यांच्यासमोर घुटमळत आणि तसेच पुढे जात. मी काशीकाकूंना विचारलं. त्यांनी सांगितलं की भागीचं कार्ड दर महिन्याला येतं, ते तीन महिने आलेलं नाही. तिकडं काय काय चाललंय ते कानावर येतं. ह्ये काही बोलत न्हाईत, जेवत न्हाईत.

काशीकाकू आत गेल्या तरी मी तिथंच उभा होतो. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर दोऱ्याची दोन टोकं धरत होता, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं की दुसरं टोक नेहमी कराचीलाच का.

त्याच आठवड्यात आबा कुणाला न सांगता निघून गेले. माझी छत्री तेवढी मागून नेली. आमच्या भागातले रस्ते त्या वर्षी सुखाचे राहिले नव्हते. माणूस बाहेर पडला की घरचे देव पाण्यात ठेवत. दहा-बारा दिवसांनी ते परत आले. हैदराबादला गेले होते. रोज सकाळी बेगमपेठच्या फाटकाबाहेर जाऊन बसायचे आणि आतून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, कराचीहून आलात काय? कुणी उत्तर दिलं, कुणी दिलं नाही. कराचीचं कुणी भेटलं नाही.

मी त्यांना विचारलं, विमान पाहिलंत का?

"पाह्यलं," ते म्हणाले. "ल्हान असतं, मास्तर. माणसं लई थोडी बसतेत."

माझी छत्री ते तिथंच विसरून आले होते. मी नवी घेतली.

थंडी सरता सरता जावयाची तार आली. ती इंग्रजीत होती म्हणून मला बोलावणं आलं. आगबोटीने सगळी मुंबईला सुखरूप उतरली होती. जावई नोकरी शोधायला तिथंच थांबणार होता. भागीरथी दोन लेकरांना घेऊन गुरुवारी जालन्याला उतरणार होती. मी तार मराठीत सांगितली. काशीकाकू तिथंच खाली बसल्या. आबा म्हणाले, "पुन्यांदा वाचा." मी चार वेळा वाचली. पाचव्यांदा वाचायला लावली तेव्हा माझा आवाज चढला, पण वाचली.

मुलगे घर सोडून जाऊ शकत नव्हते, दिवस तसेच होते. म्हणून आबांबरोबर मी गेलो. शाळेला दोन दिवसांची सुट्टी द्यावी लागली, शुक्रवार तसाही सुट्टीचाच होता. आम्ही बुधवारीच जालन्याला पोचलो, कारण आबांचा आगगाडीच्या वेळेवर विश्वास नव्हता. गुरुवारी सकाळपासून फलाटावर बसून होतो. गाडीला चांगलाच उशीर झाला. मी येरझाऱ्या घातल्या, स्टेशनमास्तरशी भांडलो. आबा एका जागी पटका मांडीवर घेऊन बसून राहिले.

गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक बाई उतरली. कडेवर तान्हं, पदराला धरून सहा-सात वर्षांची पोर, डोक्यावर गाठोडं. चेहरा उन्हानं आणि जागरणानं काळवंडलेला. लग्न झाल्यापासून ती एकदाच माहेरी आली होती, तेही मी गावात येण्याआधी, त्यामुळे मी तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता. पण आबांनीही तिला ओळखलं नाही असं मला क्षणभर वाटलं. ते नुसते उभे होते.

तिने गाठोडं खाली ठेवलं, वाकून पाया पडली, आणि उठून त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. फार थकलेला आवाज होता.

"आबा, मला वाटंला लावताना मी इचारलं व्हतं, कराची किती लांब हाय. तुम्ही म्हणला व्हता, लांब न्हाई. हितंच हाय."

आबांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हे इथं फलाटावर गाठी मोजायला लागणार, आणि मी त्यांना अडवायला पुढे झालो.

"म्हणलं व्हतं," ते म्हणाले. "मला ठावं नव्हतं, भागू. तू गेल्यावर मी शाळंत जाऊन नकाशा पाह्यला."

तिने पदराने तोंड पुसलं. मग कडेवरचं लेकरू उचलून त्यांच्या हातात दिलं. मला तिथं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गाठोडं घेऊन बाहेर आमच्या बैलगाडीकडे गेलो आणि बैल जुंपले.

जालना सोडून आम्ही अंबडच्या वाटेला लागलो तेव्हा दुपार कलली होती. ती दोन्ही लेकरांना कुशीत घेऊन गाडीत आडवी झाली आणि जालन्याची शेवटची घरं मागे पडायच्या आत झोपली. आबा गाडीत बसलेच नाहीत. ते चाकाशेजारून चालत होते. वाटेत दगड दिसला की पुढे होऊन पायाने बाजूला सारत, खाच आली की बैलांच्या वेसणीला हात लावून त्यांना हळू घेत. आमच्या मागून निघालेल्या दोन गाड्या पुढे निघून गेल्या. एक शेळ्यांचा कळपसुद्धा पुढे गेला.

मला शनिवारी शाळा उघडायची होती. मी बराच वेळ धीर धरला, मग म्हणालो की आबा, या चालीने आपण आज अंबडसुद्धा गाठणार नाही. जरा बैल हाका.

त्यांनी गाडीत पाहिलं. भागीरथीचा एक हात दांडीबाहेर लोंबत होता. तो त्यांनी उचलून आत ठेवला, तिच्या डोक्याखालची गोधडी सारखी केली.

"पोचू कव्हा बी, मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "झोपलीया ती."

मी खाली उतरलो आणि दुसऱ्या चाकाशेजारून दगड बघत चालू लागलो.